मुंबईत गाजलेली मुकी बॅट

हिरोजी म्हटलं की आपल्याला आठवतो तो रायगड बांधणारा हिरोजी इंदुलकर. मी लिहितोय तो हिरोजी मात्र जपानचा. हिरोजी सातो. 1952 साली तो आपल्या मुंबईत आला, टेबल टेनिसचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि पुढे त्याच्या बॅटमुळे या खेळाचे नियमच बदलावे लागले. (माझं मराठी कॉन्व्हेंटवालं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

त्याची ओळख मला झाली ती एका पराभवामुळे. गेल्या वर्षी चार महिने पैसे साठवून मी कार्बनचं फास्ट ब्लेड आणलं आणि इंटर-हॉस्टेलच्या पहिल्याच राउंडला बाहेर पडलो. माझा खेळ ब्लॉक आणि चॉपचा. साधा ब्लॉकही टेबलाबाहेर जायचा. रूमवर येऊन बॅटला मनसोक्त शिव्या घातल्या. त्यावरून कॉमन रूममध्ये वाद पेटला : मॅच बॅट जिंकते की माणूस? तेव्हा एका सीनियरने सातोचं नाव काढलं.

सातोचा जन्म 1925 चा, जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरीचा. चष्मा लावणारा, किरकोळ बांध्याचा माणूस. फेब्रुवारी 1952 मध्ये तो मुंबईला आला तेव्हा वय 27. युद्ध हरलेल्या जपानवर तेव्हा अजून परकीय ताबा होता. जपानी संघ वर्ल्ड चॅम्पियनशिपला पहिल्यांदाच उतरत होता, आणि ही स्पर्धाही आशियात पहिल्यांदाच भरत होती. या चष्मेवाल्याकडे कोण बघणार?

पण त्याच्या हातात वेगळीच बॅट होती. त्या काळी लाकडावर बारीक दाण्यांचं पातळ रबर असायचं. बॉल लागला की टक् असा आवाज. समोरच्याने किती जोरात मारलंय, हे खेळाडूला डोळ्यांइतकंच कानांनी कळायचं. सातोने लाकडावर जाड स्पंज चिकटवला होता. स्पंज आधीच्या वर्षी व्हिएन्नाच्या स्पर्धेत एका ऑस्ट्रियन खेळाडूने वापरला होता, पण त्याची कोणी फारशी दखल घेतली नव्हती.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर स्पंज म्हणजे स्प्रिंग. बॉल आत रुततो, स्पंज दबतो, एनर्जी साठते आणि बॉल बाहेर फेकला जातो. समोरच्याने जितकं जोरात मारावं तितक्याच जोरात परत. आणि आवाज जवळजवळ नाहीच! मोठमोठ्या खेळाडूंचं टायमिंग कोलमडलं. अमेरिकेचा मार्टी रेझमन तेव्हा पूर्ण फॉर्मात होता, तोही हरला. फायनलला सातोने हंगेरीच्या जोसेफ कोचियनला हरवलं. पुरुष एकेरीत जपानचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन, तो असा मुंबईत झाला. मायदेशी त्याचं जंगी स्वागत झालं.

पुढची गोष्ट मात्र सिनेमासारखी नाही. सातो पुन्हा कधीच एकेरीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला नाही. स्पंजचं कोडं इतरांनी सोडवलं, त्याच्याच देशबांधवांनी सगळ्यात आधी. 1954 ला इचिरो ओगिमुरा स्पंज घेऊनच लंडनला जिंकला, आणि 1954 ते 1959 मधल्या पाचही स्पर्धांत पुरुषांचं सांघिक विजेतेपद जपानकडे गेलं. शेवटी 1959 मध्ये नियम आला : नुसता स्पंज बंद, स्पंजवर रबर पाहिजे, आणि दोन्ही मिळून जाडी 4 मिलिमीटरच्या आत. आज आपण ज्याने खेळतो ते सँडविच रबर त्या नियमातलंच. सातो 2000 साली गेला.

मग तो बॅटमुळे जिंकला का? रेझमनला शेवटपर्यंत तसंच वाटायचं. जुन्या दाण्यांच्या रबराची बाजू तो 2012 मध्ये जाईपर्यंत मांडत राहिला. खरं सांगतो, सुरुवातीला मी रेझमनच्या पार्टीत होतो. हरल्यावर बॅटला दोष देणं मला चांगलं जमतं! पण विचार केला तर स्पंजला कंट्रोल करणं सोपं नव्हतं. जो बॉल समोरच्याला फसवतो तो आपल्यालाही फसवू शकतो. सातोने तो हाताला बसवला आणि अख्खं जग दुसरं काही वापरत असताना तो घेऊन कोर्टवर उतरला. त्याने बॅट आपल्या खेळासाठी निवडली होती. मी माझी निवडली होती चॅम्पियनचे व्हिडिओ बघून.

म्हणून या सेमिस्टरला आम्ही कॉमन रूममध्ये एक टेस्ट केली. तिघांची तीन ब्लेड्स, सगळ्यांवर आलटून पालटून एकच रबर. लॅबच्या काट्यावर वजन केलं. प्रत्येकाने पन्नास ब्लॉक, पन्नास चॉप खेळायचे आणि टेबलवर किती पडले ते वहीत लिहायचं. माझ्या हातात माझंच महागडं ब्लेड शेवटून पहिलं आलं. पहिलं आलं ते रूममेटचं पाच थरांचं साधं लाकडी ऑलराउंड.

आता मी त्या ब्लेडने खेळतो, आणि कार्बन रूममेटला दिलंय, त्याचे स्मॅश भारी बसतात. या वर्षीही हरलोच, पण तिसऱ्या राउंडला. आणि या वेळी शिव्या द्यायला बॅट सापडली नाही. फोरहँड सुधारायचाय, एवढंच वहीत लिहिलं.