देवासच्या राजवाड्यातील परदेशी चिटणीस

इंदूरहून देवासला जाणारा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. अंतर पस्तीस-छत्तीस किलोमीटर. क्षिप्रेचा पूल मागे पडला की थोड्याच वेळात सपाट माळावर एकटीच उभी असलेली टेकडी दिसू लागते आणि आजी डोक्यावर पदर घेऊन बसल्या जागी हात जोडते. देवास हे तिचे माहेर. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. गावातले लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. देवीचा वास म्हणून देवास, असे आजी सांगते. आमच्या लेखी ती टेकडी म्हणजे नवरात्रातली गर्दी, दमछाक करणाऱ्या पायऱ्या आणि उतरल्यावर मिळणारी कचोरी, एवढेच होते.

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या अभ्यासासाठी मी इंदूर सोडून या सीमाभागातल्या महाविद्यालयात आले. एके दिवशी ग्रंथालयात इंग्रजीच्या कपाटात हात घातला, तर तीच टेकडी पुस्तकाच्या नावात! 'द हिल ऑफ देवी', प्रकाशन १९५३, लेखक ई. एम. फॉर्स्टर. अभ्यासक्रमातल्या 'ए पॅसेज टू इंडिया' या कादंबरीमुळे हे नाव ओळखीचे होते. पण हा जगप्रसिद्ध कादंबरीकार आमच्या देवासच्या संस्थानात नोकरीला होता, हे घरातही कधी कोणी बोलले नव्हते. पुस्तक अधाशासारखे वाचले. पहिल्या वाचनात, खरे सांगते, राग आला. आमचे सणवार, आमचे ताट, आमची पूजा यांकडे पाहून हा गृहस्थ हसतो आहे असे वाटले. तो राग पुढे कसा ओसरला, हे सांगण्यासाठी हा लेख. पण त्याआधी हा गृहस्थ कोण, हे पाहिले पाहिजे.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म लंडनमध्ये १ जानेवारी १८७९ रोजी झाला. वडील वास्तुशिल्पी होते. मुलगा दोन वर्षांचा होण्याआधीच ते क्षयाने वारले. आई आणि आत्या-मावश्यांच्या पदराखाली मुलगा वाढला. एका श्रीमंत चुलत आजीने मरताना त्याच्या नावे आठ हजार पौंड ठेवले. त्या पैशावर केंब्रिजचे शिक्षण झाले आणि पोटासाठी नोकरी न करता लिहिता आले. १९०५ ते १९१० या काळात चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि तिशी ओलांडता ओलांडता फॉर्स्टर नामवंत झाले. तथापि या मानमरातबाखाली एक दुखणे होते. त्यांचे प्रेम पुरुषांवर होते आणि त्यांच्या देशात १९६७ पर्यंत तो गुन्हा होता. त्या विषयावर त्यांनी १९१३-१४ मध्ये 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली. पण ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये छापली गेली. स्वतःच्या घरातच ज्याला परक्यासारखे वागावे लागते, त्याची नजर दुसऱ्याच्या घरात अधिक सावध होते की काय, कोण जाणे.

भारताची ओढ त्यांना लागली ती एका विद्यार्थ्यामुळे. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद इंग्लंडमध्ये शिकत होते. त्यांना लॅटिन शिकवायचे काम १९०६ मध्ये फॉर्स्टर यांच्याकडे आले. शिकवणी राहिली बाजूला, जन्माची मैत्री जडली. १९१२ मध्ये फॉर्स्टर प्रथम भारतात आले ते प्रामुख्याने मसूदना भेटायला. याच प्रवासात नाताळच्या सुमारास ते देवासला पोहोचले. त्यांचे केंब्रिजचे मित्र माल्कम डार्लिंग हे पूर्वी देवासच्या तरुण राजाचे शिक्षक होते, त्यामुळे दार आपोआप उघडले.

त्या वेळचे देवास म्हणजे एक चमत्कारिकच प्रकरण होते. अठराव्या शतकात बाजीरावाबरोबर माळव्यात आलेल्या पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी हा मुलूख मिळवला आणि पुढे त्याची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन. आणि हद्द गावाच्या मधून जाणारी. थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव हे १८८८ चा जन्म असलेले, बुद्धिमान, विनोदी आणि अतिशय भाविक गृहस्थ होते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे ते जावई.

त्या नाताळात राजेसाहेबांनी पाहुण्याला आपल्याकडचा पोशाख चढवला आणि पंगतीला बसवले. मांडी घालून बसताना पाय अवघडले, ताट वाढून पुढे आले आणि फॉर्स्टरसाहेब गोंधळले. त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात त्या ताटाचा चक्क नकाशा काढला आहे. वाट्यांना आणि पदार्थांना आकडे घातले आणि एकेकाचे वर्णन केले. भाताची मूद तेवढी ओळखीची वाटली, म्हणून तिचा मोठा आधार. बाकी सारे आकारावरून आणि रंगावरून: तपकिरी गोळे, सोनेरी वेटोळी, झणझणीत काहीतरी. लाडू, जिलबी, चटणी ही नावेच नाहीत! मला राग आला तो नेमका इथे. जिलबीला वेटोळी म्हणणाऱ्या माणसाला आमच्या घरात काय कळणार, असे वाटले.

पण ते परत आले. १९२१ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, एका इंग्रज कर्नलच्या रजेच्या काळात, फॉर्स्टर तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून देवासला रुजू झाले आणि सहाएक महिने राहिले. पाहुणा चार दिवस गोड गोड पाहतो; नोकरीला राहिलेल्या माणसाला घराच्या मागच्या दाराकडेही पाहावे लागते. बागा, मोटारी, पाहुण्यांची व्यवस्था, वीजघर असली खाती त्यांच्या गळ्यात पडली, आणि यांतले त्यांना फारसे काही येत नव्हते. नव्या राजवाड्याचे काम कित्येक वर्षे चालले होते. एकीकडे बांधकाम आणि दुसरीकडे आधी बांधलेल्या भागाची पडझड. पियानो होते, पण वाजण्याच्या स्थितीत नव्हते. हिशेब जुळत नसे, हुकूम निघत आणि विरून जात. फॉर्स्टर वैतागत, हसत आणि आई-मित्रांना पत्रे लिहीत. ही पत्रेच पुढे त्या पुस्तकाचा गाभा झाली. या पत्रांत ते स्वतःवरही हसतात. दसऱ्याला कचेरीत शस्त्रांऐवजी लेखणी, दौत आणि कागदाची पूजा त्यांच्या हातून करवून घेण्यात आली. बाजूला उभा असलेला कारकून सांगेल तसे साहेब हळदकुंकू वाहत होते. आपल्याकडे ज्याची जी विद्या त्याचे ते शस्त्र, हे कोणी समजावले असेल का, ठाऊक नाही. पण लेखकाने लेखणीची पूजा करावी, यापरते योग्य काय असणार!

त्या वेळी मध्य भारतातील संस्थानांवर इंदूरच्या रेसिडेन्सीतून गव्हर्नर जनरलच्या एजंटाची देखरेख असे. हाताखाली हिंदी माणसे ठेवणारे साहेब सगळेच होते. हिंदी राजाच्या हाताखाली राहणारा हा साहेब मात्र वेगळा. त्याला आपल्याच लोकांचे वागणे बाहेरून दिसू लागले. १९१२ मधला गोऱ्यांचा उद्धटपणा १९२१ मध्ये कमी झाला होता. पण हे सौजन्य सुचायला फार उशीर झाला, हे त्यांनी ओळखले आणि पुढे जाहीरपणे लिहिलेही.

या मुक्कामाचा कळस म्हणजे त्या वर्षीची गोकुळाष्टमी. उत्सव जुन्या राजवाड्यात झाला आणि आठवडाभर चालला. फॉर्स्टर तिथेच राहायला गेले आणि सर्वांसारखे अनवाणी वावरले. गुलाल, आरत्या, भजने, एकाच वेळी निरनिराळे सूर वाजवणारे बँड, फुलांच्या आणि बेगडाच्या ढिगात दिसेनासा झालेला देव. नीटनेटकेपणाची सवय असलेल्या या इंग्रजाला सगळा पसारा बेढब वाटला आणि तसे त्यांनी लपवलेही नाही. पण त्याच पसाऱ्यात, प्रकृती ठीक नसलेला राजा टाळ घेऊन देवापुढे नाचतो आहे, मध्यरात्री कापडाची घडी बाळासारखी हातांवर घेतो आहे आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे आहे ते आपल्या आवाक्यातले नाही, हेही त्यांनी तितक्याच सरळपणे लिहिले. शेवटच्या दिवशी मातीचे गोकुळ तलावात सोडायला मिरवणूक निघाली, तीत तेही चालले. हा भाग मी सुटीत आजीला मराठी करून वाचून दाखवला. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, की त्या बिचाऱ्याला सुंठवडा कोणी दिला की नाही.

ती रात्र वाया गेली नाही. अर्धवट राहिलेल्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे ते देवासला घेऊन आले होते. पण इथे एक ओळ पुढे सरकली नाही. समोरचा भारत आणि कागदावरचा भारत जुळेनात. कादंबरी पुरी झाली ती इंग्लंडला परतल्यावर, आणि १९२४ मध्ये 'ए पॅसेज टू इंडिया' प्रसिद्ध झाली. मसूदना अर्पण केलेल्या या कादंबरीच्या शेवटच्या भागात कृष्णजन्माचा सोहळा आहे, तुकारामांचे नाव घेऊन चाललेले भजन आहे आणि त्यात देहभान विसरून नाचणारे प्राध्यापक गोडबोले आहेत. भिंतीवर देव म्हणजे प्रेम अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आहे, आणि त्यातली अक्षरे उलटसुलट झालेली आहेत. इंग्रजी कादंबरीत हा मराठी प्राध्यापक आणि हा मराठी टाळ कुठून आला, याचे उत्तर देवासच्या जुन्या राजवाड्यात आहे.

यानंतर फॉर्स्टर यांनी हयातीत दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. देवासचे मात्र दिवस फिरले. राणीसाहेब आधीच माहेरी निघून गेल्या होत्या. पुढे युवराज विक्रमसिंहही वडिलांपासून दुरावले आणि १९२७ च्या अखेरीस देवास सोडून गेले. कर्ज वाढत गेले. शेवटी तुकोजीरावांनी इंग्रजी अंमलाबाहेरच्या पाँडिचेरीत आश्रय घेतला आणि १९३७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. युवराज पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून दत्तक गेले. संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. सारे जग ज्या राजाला उधळ्या आणि नालायक ठरवून मोकळे झाले होते, त्याच्याविषयी सोळा वर्षांनी एका म्हाताऱ्या लेखकाने जुनी पत्रे काढून पुस्तक केले आणि हा माझा मित्र थोर मनाचा होता, अशी साक्ष दिली.

या साक्षीला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. फॉर्स्टर यांनी पाहिले ते राजवाड्याचे आयुष्य. अर्धवट राजवाड्यासाठी पैसा कोणाच्या शेतसाऱ्यातून आला, राजाच्या पंगतीबाहेर त्या दिवशी चूल किती घरांत पेटली, हे त्या पत्रांत फारसे दिसत नाही. मित्रप्रेमाने त्यांनी राजाला झुकते माप दिले, असेही मला वाटते. आजीच्या माहेरच्यांसारखी साधी माणसे त्या पुस्तकात गर्दी म्हणूनच येतात.

मग माझा राग का ओसरला? त्याचे कारण आमच्या वसतिगृहाच्या खाणावळीत आहे. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आईला फोनवर जेवणाचे वर्णन करत होते: पिवळा भात, त्यात शेंगदाणे, भाकरी, पण कागदासारखी पातळ आणि कडक, भिजवलेल्या डाळीचे काहीतरी गार. पलीकडे बसलेली माझी कन्नड मैत्रीण हसू दाबत होती. चित्रान्न, जोळद रोट्टी आणि कोसंबरी ही नावे तिने मला एकेक करून शिकवली. तेव्हा एकदम उमगले, की जिलबीला वेटोळी म्हणणारा माणूस मला हिणवत नव्हता. त्याला नाव सांगणारे कोणी शेजारी बसले नव्हते, किंवा त्याने विचारले नव्हते. परक्याचे पहिले पाहणे असेच असते. खरी परीक्षा पुढे असते: तो निघून जातो, की राहून विचारतो.

देवीच्या त्याच टेकडीच्या पायथ्याशी पुढे आणखी एक बाहेरचा माणूस येऊन राहिला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ मध्ये कन्नड घरात जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना ते देवासला आले, अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकत राहिले आणि १९९२ पर्यंत तिथलेच होऊन गेले. फॉर्स्टर यांचा मुक्काम सहा महिन्यांचा, कुमारांचा जन्माचा. एकाने पाहिले, दुसऱ्याने ऐकले. दोघांनीही आपल्याला न कळणारे ते हिणकस, असे मानले नाही.

फॉर्स्टर ७ जून १९७० रोजी, एक्याण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यांच्या पुस्तकाला मी अजूनही सगळे माफ केलेले नाही. पण आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड पाने एकाच बांधणीत शिवलेली असतात आणि आपल्यापैकी बहुतेक जण आपली पाने वाचून अंक मिटतात. या वेळी मी मैत्रिणीला शेजारी बसवून दुसरी बाजूही वाचून घेणार आहे. जिथे अडेन तिथे नाव विचारीन.