पायी चालणारा लोकप्रतिनिधी

मुंबईच्या उपनगरांत चित्रपटसृष्टीतील अनेक नामवंत नटनट्यांची घरे आहेत. रस्त्यातून त्यांची मोटार जाऊ लागली, की बघ्यांची गर्दी जमते. परंतु नट म्हणून कीर्ती मिळवल्यावर मोटारीतून उतरून लोकांबरोबर पायी चालणारे थोडेच. सुनील दत्त हे अशा थोड्यांपैकी एक होते.

त्यांचे मूळचे नाव बलराज. ६ जून १९२९ रोजी झेलम जिल्ह्यातील खुर्द या खेड्यात त्यांचा जन्म झाला. हा प्रदेश आता पाकिस्तानात आहे. बलराज अवघा पाच वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सर्वत्र कत्तली व जाळपोळ चालू होती. शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला होता. अशा वेळी याकूब नावाचा त्याच्या वडिलांचा एक मुसलमान स्नेही पुढे आला. त्याने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता या हिंदू कुटुंबाला आसरा दिला आणि त्याचे प्राण वाचवले. हे उपकार बलराज जन्मभर विसरला नाही.

दत्त कुटुंब निर्वासित होऊन यमुनाकाठच्या मंडौली या गावी येऊन राहिले. हे गाव आज हरियाणा राज्यात आहे. पुढे बलराज शिक्षणासाठी मुंबईस आला. कराचीहून आलेल्या निर्वासित अध्यापकांनी १९४८ साली स्थापन केलेल्या जयहिंद महाविद्यालयात त्याने नाव घातले. मुंबईत ना घर, ना नातलग! पोटासाठी त्याने बेस्टच्या बस आगारात नोकरी धरली. दिवसाचा काही वेळ अभ्यास आणि उरलेला वेळ आगारातील काम, असा त्याचा क्रम असे. त्याचा आवाज भारदस्त व उच्चार स्वच्छ होते. त्यामुळे रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांचा निवेदक म्हणून त्याला काम मिळाले. नामांकित नटनट्यांच्या मुलाखती तो घेऊ लागला.

१९५५ साली ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’ या चित्रपटात त्याला प्रथम भूमिका मिळाली. बलराज साहनी हे नट त्या काळी प्रसिद्ध होते; म्हणून या नव्या नटाचे नाव सुनील दत्त असे ठेवण्यात आले. १९५७ साली ‘मदर इंडिया’ हा चित्रपट प्रकाशित झाला आणि सुनील दत्तांचे नाव घरोघरी पोहोचले. या चित्रपटासाठी आगीचे एक दृश्य घेत असताना वारा फिरला व नर्गिस ही विख्यात अभिनेत्री ज्वाळांत सापडली. सुनील दत्तांनी क्षणाचाही विलंब न लावता आगीत उडी घेतली व तिला बाहेर काढले. ते स्वतः बरेच भाजले. पुढे १९५८ साली त्या दोघांचा विवाह झाला. एक हिंदू, एक मुसलमान. परंतु दोघांनी मिळून सुखाचा संसार केला. कलावंतांचे पथक घेऊन ही पतिपत्नी सरहद्दीवरील जवानांच्या मनोरंजनासाठी जात असत. १९६८ साली सरकारने सुनील दत्तांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले.

३ मे १९८१ रोजी नर्गिस कर्करोगाने निवर्तल्या. हे दुःख उराशी कवटाळून सुनील दत्त घरात बसले नाहीत. पत्नीच्या नावे संस्था स्थापून त्यांनी कर्करुग्णांच्या उपचारांसाठी पैसा उभा केला.

१९८४ साली ते काँग्रेस पक्षातर्फे वायव्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. वांद्रे, विलेपार्ले, अंधेरी अशा वस्त्यांचा हा मतदारसंघ. येथे बंगले होते, तशाच झोपडपट्ट्याही होत्या. निर्वासितपणाचे चटके सोसलेल्या या माणसाला झोपडीतील दुःख समजावून सांगावे लागत नसे.

त्या वर्षांत पंजाबात दहशतवादाने थैमान घातले होते. १९८७ साली सुनील दत्त शांततेसाठी मुंबईहून अमृतसरला पायी निघाले. वय सत्तावन्न, अंतर सुमारे २,००० किलोमीटर! कन्या प्रिया बरोबर होती. पायांना फोड आले, तरी चालणे थांबले नाही. ७८ दिवसांनी ते सुवर्णमंदिरात पोहोचले.

परंतु त्यांची खरी कसोटी पुढेच होती. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली उसळल्या. फाळणीत पाहिलेले दृश्य त्यांना स्वतःच्या शहरात पुन्हा दिसले. पीडित कोणत्या धर्माचा, हे न पाहता ते मदतीला धावले. राज्यात व केंद्रात त्यांच्याच पक्षाचे सरकार होते. तरीही लोकांचे रक्षण झाले नाही, याचा निषेध म्हणून त्यांनी खासदारकीचा राजीनामा सादर केला. त्यांच्यावर टीकाही झाली. पण ते डगमगले नाहीत. एका मुसलमानाने वाचवलेला हा हिंदू मुलगा आपले ऋण अशा रीतीने फेडत होता.

१९९९ साली व २००४ साली जनतेने त्यांना पुन्हा निवडून दिले. २००४ साली ते युवक कल्याण व क्रीडा खात्याचे केंद्रीय मंत्री झाले. २५ मे २००५ रोजी वांद्रे येथील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

पडद्यावरचा पराक्रम दिग्दर्शकाने सांगितल्याप्रमाणे करायचा असतो. आगीत उडी घ्या, दोन हजार किलोमीटर चाला, हाती असलेले पद सोडा, असे मात्र सुनील दत्तांना कोणी सांगितले नव्हते. ते त्यांनी आपल्या मनाला स्मरून केले.