तटस्थ राहण्याला विरोध म्हणून बापूजी अणेंनी काँग्रेसशी पंगा घेतला होता

निवडणूक जवळ आली की विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून बातमी येते, रस्ता नाही तर मत नाही. मत न देणं हाही निषेधच, असं यामागचं गणित. पण या गणितावर नव्वद वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. त्यात एका बाजूला उभा होता घाटंजी, पुसद, वणीच्या यवतमाळ जिल्ह्यातला नेता, लोकनायक बापूजी अणे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. वकिली यवतमाळला आणि राजकारणातले गुरू लोकमान्य टिळक.

१९२० साली टिळक गेले आणि त्याच वर्षी काँग्रेसने असहकार पुकारला. कायदे मंडळांच्या निवडणुका लढवायच्या नाहीत आणि मतही द्यायचं नाही, असं ठरलं. पण खुर्च्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत. बहिष्कार न मानणारे निवडून गेले. पुढे काँग्रेसमधलेच अनेक जण आत जाऊन लढण्याच्या बाजूने झाले. अणेही केंद्रीय कायदे मंडळात पोचले.

याचा अर्थ त्यांना रस्त्यावरची लढाई नको होती असा नाही. १९३० मध्ये पुसदजवळ गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. १९३३ मध्ये तर ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते.

खरी ठिणगी पडली जातीय निवाड्यावरून. १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी मुस्लिम, शीख, ख्रिश्चन, युरोपियन अशा गटांसाठी वेगळे मतदारसंघ जाहीर केले. काँग्रेसला ही कल्पना मान्य नव्हती. पण उघड विरोध केला तर मुस्लिम समाज दुरावेल, ही भीती होती. म्हणून १९३४ मध्ये पक्षाने ठरवलं, निवाडा स्वीकारायचा नाही आणि नाकारायचाही नाही.

अणे आणि मदनमोहन मालवीय यांना हे पटलं नाही. दोघांनी काँग्रेस नॅशनलिस्ट पार्टी काढली. अणेंचा मुद्दा साधा होता. जे चुकीचं वाटतं, त्याच्या विरोधात हात वर करायला हवा.

फेब्रुवारी १९३५ मध्ये केंद्रीय कायदे मंडळात जिनांनी मांडलेल्या दुरुस्तीवर मतदान झालं. तिच्या पहिल्या भागात निवाडा तूर्तास स्वीकारायचा होता. काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिले. अणेंच्या छोट्या गटाचा विरोध अपुरा पडला आणि तो भाग सहज मंजूर झाला. काँग्रेसने बाजूने मत दिलं नव्हतं, पण मोजणीत त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढे अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावेळी त्यांनी राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. ऐंशी पार केल्यावरही, वेगळ्या विदर्भासाठी त्यांनी बहिष्काराचा नाही तर मतपेटीचा मार्ग धरला. १९६२ मध्ये ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचं निधन झालं.

आज आपल्याकडे नोटा आहे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बटण मिळालं. नाराजी निदान मोजली तरी जाते. पण लोकसभा आणि विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी निवडून येतो तो उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच. गावाने बहिष्कार टाकला तरी तेच. आमदार निवडून येतोच, फक्त त्याला निवडणाऱ्यांत ते गाव नसतं.