डॉ. बाबासाहेब आंबेडकर : आरोपीचा कैवार आणि कराचा न्याय

आपल्या संघाच्या कुटुंबांतून आज दुकानदार, ठेकेदार आणि लहानमोठे कारखानदार निपजले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांपैकी एखाद्याच्या दारी प्राप्तिकर खात्याची नोटीस येते, तेव्हा घरची माणसे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून दडवितात, आणि भीतीपोटी पुढ्यात येईल त्या कागदावर सही करून मोकळी होतात. वकील गाठणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, अशी एक खुळी समजूत आपल्यांत रूढ आहे. ज्या महापुरुषाने या नगरात मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने ज्ञानाचे दालन उघडले, त्याच्या चरित्राचे एक अंग या संदर्भात पाहण्याजोगे आहे. विद्येचे दाते म्हणून बाबासाहेब घरोघर वंद्य आहेत; वकील आणि करशास्त्राचे पंडित म्हणून त्यांची ओळख त्या मानाने थोडी.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ, लंडन हा सर्व प्रवास सर्वश्रुत आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कर ही राज्याची गरज आहे हे त्यांना पुरते मान्य होते. मात्र त्याचा भार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पडावा, असा त्यांचा आग्रह होता. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी हाच मुद्दा धरला. ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नास प्राप्तिकर माफ, पण तुकडाभर जमिनीच्या धन्याला मात्र शेतसाऱ्यातून सुटका नाही, हा पंक्तिप्रपंच त्यांनी सभागृहापुढे उघड केला. करबुडव्यांचा कैवार त्यांनी घेतला असता, असे कोणी यावरून समजू नये.

१९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली आरंभिली. सनदेसाठी लागणारे पैसेही स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. अस्पृश्य बॅरिस्टराकडे खटले देण्यास सॉलिसिटर राजी नसत. तेव्हा चरितार्थासाठी १९२५ पासून सुमारे तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. म्हणजे वह्याखतावण्यांच्या जगाशी त्यांचा परिचय केवळ पुस्तकी नव्हता. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात खालच्या कोर्टात शिक्षा झालेल्यांची बाजू त्यांनी पुण्याच्या सेशन्स कोर्टात मांडली व त्यांना निर्दोष सोडविले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा लोकक्षोभाची पर्वा न करता ते कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला ते हरले. मला तर या हरलेल्या खटल्याचेच मोल अधिक वाटते. लोकांनी आधीच दोषी ठरविलेल्या माणसालाही वकील मिळालाच पाहिजे, हे त्यांनी आचरून दाखविले.

पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष असता हीच दृष्टी त्यांनी घटनेच्या कामात आणली. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या कलमातून कायद्याच्या न्याय्य प्रक्रियेची हमी गळाली, याची टोचणी सभेत अनेकांना होती. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले, तेच आजचे २२ वे कलम. अटकेचे कारण कळविणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करणे, ही बंधने त्याने सत्तेवर घातली. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे विसावे कलम सांगते. कायद्याच्या आधारावाचून कर बसविता वा वसूल करता येणार नाही, हे २६५ वे. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या आमच्या या मराठवाड्याला हे हक्क २६ जानेवारी १९५० रोजी लाभले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये येथे बाबासाहेबांचे महाविद्यालय सुरू झाले.

या कलमांची कसोटी लवकरच लागली, आणि तीही करचुकवेगिरीच्या आरोपींच्याच खटल्यांतून. महायुद्धकाळात नफेबाजांनी दडविलेले उत्पन्न हुडकण्यासाठी सरकारने १९४७ साली चौकशी आयोगाचा कायदा केला होता. सूरजमल मोहता यांच्या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील एक पोटकलम रद्द केले. इतर करचुकव्यांना प्राप्तिकर कायद्यान्वये अपिलादी जे मार्ग खुले होते, ते आयोगापुढे ओढलेल्यांना बंद होते. हा भेद समतेच्या चौदाव्या कलमाला मान्य नव्हता. ढाल मात्र अमर्याद नव्हे. जेद्दाहहून सोने आणणाऱ्या मकबूल हुसेन यांचे सोने जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले व पुढे त्यांच्यावर खटलाही भरला. एकाच अपराधाला दोनदा शिक्षा नको, ही त्यांची तक्रार १९५३ साली न्यायालयाने फेटाळली, कारण जकात अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर दोन वर्षांनी बशेशरनाथ यांचा खटला निकालास आला. त्यांनी त्याच आयोगाच्या चौकशीत दडविलेले उत्पन्न मान्य करून, साडेतीन लाख रुपये हप्त्यांनी भरण्याच्या तडजोडीवर सही केली होती. सही केली म्हणजे हक्क सोडला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे पडले. न्यायालयाने ते मानले नाही. चौदाव्या कलमाचा हक्क नागरिकाला सही करूनही सोडून देता येत नाही, असे ठरवून ती तडजोड रद्दबातल केली.