धन्यवादित फादर येझी पोपिएलुश्को

दर १९ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा पोलंडच्या एका तरुण धर्मगुरूचे स्मरण करते. त्यांचे जीवन आज आपण थोडक्यात पाहू या.

फादर येझी ह्यांचा जन्म १९४७ साली ओकोपी ह्या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. १९७२ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. प्रकृती पहिल्यापासून नाजूक. ऑगस्ट १९८० मध्ये वॉर्सातील पोलाद कारखान्याचे कामगार संपावर गेले, तेव्हा फादर त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करायला गेले आणि कायमचे त्यांचे झाले. त्याच वर्षी ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली. पाहता पाहता तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले.

शेजारच्या पूर्व जर्मनीने ह्याची धास्ती घेतली. दोन्ही देश कम्युनिस्ट, एकमेकांचे मित्र. तरीही पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ ह्या गुप्तहेर खात्याने १९८० सालीच वॉर्सात आपले खास पथक बसवले. मित्रदेशातील संघटनेची आणि ख्रिस्तसभेची खबर बर्लिनला जाऊ लागली. पोलंडचे स्वतःचे गुप्त पोलीस तर होतेच.

१३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा आला. फादर येझी दर महिन्याला मायभूमीसाठी मिस्सा अर्पण करू लागले. हजारो भाविक येत. गर्दीत साध्या वेषातले पोलीसही असत. पण फादरांकडे चोरून सांगण्यासारखे काही नव्हतेच. वाइटाला चांगुलपणाने जिंकावे, हा संत पौलाचा बोध ते सर्वांसमक्ष करीत. पुढे जुनी दप्तरे उघडली, तेव्हा त्यांची खबर देणाऱ्यांत काही धर्मगुरूही होते हे कळले. हे वाचून आपले मन विषण्ण होते.

१९ ऑक्टोबर १९८४ च्या रात्री पोलंडच्याच गुप्त पोलिसांतील तिघा अधिकाऱ्यांनी त्यांना पळवून नेले, बेदम मारले आणि व्हिस्टुला नदीच्या धरणात टाकले. ३० ऑक्टोबरला मृतदेह सापडला. वय अवघे ३७. मारेकऱ्यांना १९८५ साली शिक्षा झाली. ६ जून २०१० रोजी फादर येझींना धन्यवादित घोषित करण्यात आले.

१९८९ साली दोन्ही देशांतील त्या राजवटी कोसळल्या. श्टाझीने मागे ठेवलेली दप्तरे ओळीने लावली तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. इतके ऐकूनही लोकांचे दुःख त्यांना ऐकू आले नाही.

बंधुभगिनींनो, भीतीपोटी वा लोभापायी आपणही कधी कोणाच्या कानाला लागतो, शेजाऱ्याची चहाडी करतो. समोर उभे राहून खरे बोलण्याचे धैर्य आपल्याला लाभावे, म्हणून फादर येझींच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.