जॉन अल्बर्टसन सॅम्पसन

जॉन अल्बर्टसन सॅम्पसन (१७ ऑगस्ट, १८७३ - २३ डिसेंबर, १९४६) हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक होते. एंडोमेट्रिऑसिस या आजाराची आजची ओळख मुख्यतः त्यांच्या १९२१ ते १९४० या काळातील लेखांमुळे झाली. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, बहुधा ओटीपोटातील अवयवांवर, वाढणे म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. मासिक पाळीतील काही रक्त गर्भनलिकांतून उलट्या दिशेने उदरपोकळीत जाते आणि त्याच्याबरोबर गेलेले अस्तराचे कण तेथे रुजतात, असा सिद्धान्त सॅम्पसन यांनी मांडला. तो 'रोपण सिद्धान्त' किंवा 'सॅम्पसन सिद्धान्त' म्हणून ओळखला जातो. सिद्धान्ताच्या खरेपणाविषयीचा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. मात्र शस्त्रक्रियेत नित्य दिसणाऱ्या आणि दुर्लक्षिल्या जाणाऱ्या विकाराकडे नेमके कसे पाहावे, हे त्यांनी शल्यचिकित्सकांना दाखवून दिले, याविषयी दुमत नाही.

शिक्षण आणि आरंभीचे कार्य

सॅम्पसन यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ट्रॉय या शहराजवळ झाला. विल्यम्स कॉलेजातून १८९५ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला आणि १८९९ मध्ये तेथील वैद्यकीय पदवी मिळवली. ही शाळा तेव्हा नवी होती. रुग्णालयात काढलेली प्रत्येक ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहण्याची शिस्त तेथे होती. हॉवर्ड केली यांच्या स्त्रीरोग विभागात सॅम्पसन यांनी पुढील काही वर्षे प्रशिक्षण घेतले. थॉमस कलन हे त्याच विभागातील ज्येष्ठ सहकारी होते. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथी असलेल्या स्नायुगाठींवर ते काम करत होते. १८९९ मध्येच विल्यम वुड रसेल यांनी अशाच ऊतीचे बीजांडकोशातील एक उदाहरण नोंदवले होते. सॅम्पसन ज्या प्रश्नाने पुढे ओळखले गेले, तो प्रश्न असा त्यांच्या प्रशिक्षणाच्या काळात आसपासच होता. पण तेव्हा त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विस्तृत शस्त्रक्रिया करताना मूत्रवाहिनीला इजा होत असे. तिचा रक्तपुरवठा तुटला की काही दिवसांनी तिला छिद्र पडे आणि रुग्णेला मूत्रगळतीचा त्रास होई. सॅम्पसन यांनी मूत्रवाहिनीभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अभ्यास करून ही इजा कशी टळेल यावर लेखन केले. १९०५ च्या सुमारास ते ऑल्बनी येथे स्थायिक झाले. १९११ पासून १९४५ पर्यंत ते ऑल्बनी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक होते.

ऑल्बनीत त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयांच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य भरून त्यांची छायाचित्रे घेतली. गर्भाशयातील स्नायुगाठींच्या रक्तपुरवठ्यावरील त्यांचा लेख १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१८ मध्ये त्यांनी गर्भाशयाच्या पोकळीतील बाह्य द्रव्य शिरांमध्ये कसे शिरते यावर लिहिले. पोकळीतील पदार्थ ठरलेल्या मार्गानेच बाहेर पडतो असे नाही, ही बाब या कामात त्यांच्या नजरेस आली होती. गर्भाशयाच्या गोल बंधातील एक लहान धमनी आजही 'सॅम्पसनची धमनी' या नावाने ओळखली जाते.

चॉकलेट सिस्ट

स्त्रियांच्या बीजांडकोशात दाट, तपकिरी, वितळलेल्या चॉकलेटसारख्या द्रवाने भरलेल्या गाठी आढळतात हे शल्यचिकित्सकांना ठाऊक होते. आजही 'चॉकलेट सिस्ट' हाच शब्द मराठी रुग्णांच्या बोलण्यात येतो. त्या काळी अशी गाठ म्हणजे बीजांडकोशातील जुना रक्तस्राव किंवा जुन्या संसर्गाचा परिणाम, असे मानून विषय संपवला जाई. शस्त्रक्रियेत बीजांडकोश मागे चिकटलेला आढळे, तो सोडवताना गाठ फुटे, द्रव पुसून घेतला जाई आणि बीजांडकोश काढून टाकला जाई.

१९२१ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या नियतकालिकात सॅम्पसन यांचा ७९ पानांचा लेख प्रसिद्ध झाला. गाठ फुटण्याची ही क्षुल्लक वाटणारी घटनाच त्याच्या केंद्रस्थानी होती. बीजांडकोश उचलताना गाठ नव्याने फाटत नाही. ती आधीच केव्हातरी फुटलेली असते, आणि ते छिद्र शेजारच्या अवयवाला चिकटून बंद झालेले असते, असे त्यांच्या लक्षात आले. उचलताना ते जुने छिद्र पुन्हा उघडते. म्हणजे चिकटलेपणा हा स्वतंत्र विकार नसून गाठीच्या फुटण्याचा परिणाम आहे. गाठीच्या भिंतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तिचे अस्तर गर्भाशयाच्या अस्तरासारखे दिसले आणि पाळीच्या काळात त्यातही तसेच बदल होत असल्याचे आढळले. गाठीतील तपकिरी द्रव म्हणजे महिनोन्महिने साचलेले पाळीचेच रक्त होते.

गाठीच्या आसपास, गर्भाशयाच्या मागील बाजूस, गर्भाशय व गुदाशय यांच्यामधील खोलगट जागेत आणि आतड्याच्या पृष्ठभागावर लहान गडद ठिपके व आकसलेले व्रण असत. कर्करोगाची गाठ फुटल्यावर तिच्या पेशी उदरपोकळीत पसरून रुजतात, तसे येथे निरुपद्रवी ऊतीचे होत असावे, असे अनुमान सॅम्पसन यांनी काढले. वेगवेगळ्या नावांनी नोंदवले जाणारे हे विकार एकाच आजाराची रूपे आहेत, ही जाणीव येथून पक्की झाली. त्याआधी, १८६० मध्ये, व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी गर्भाशयातील व बीजांडकोशातील अशा ग्रंथीयुक्त गाठींचे वर्णन केले होते. १९२० मध्ये कलन यांनी अशी ऊती शरीरात कोठे कोठे आढळते याचा पट मांडला होता. सॅम्पसन यांनी त्या पटावरील ठिकाणे एकमेकांना जोडणारे कारण सुचवले.

रोपण सिद्धान्त

आरंभी सॅम्पसन बीजांडकोशातील गाठीलाच उगमस्थान मानत होते. पण गाठीत ती ऊती मुळात आली कोठून, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी स्वतःचे आधीचे मत बदलत नेले. काही शस्त्रक्रिया त्यांनी मुद्दाम पाळीच्या दिवसांत केल्या. एरवी शल्यचिकित्सक हे दिवस टाळत. त्या वेळी गर्भनलिकांच्या टोकांतून उदरपोकळीत रक्त उतरताना त्यांना दिसले, आणि त्या रक्तात अस्तराचे तुकडेही आढळले. ज्या रुग्णांना हा आजार होता त्यांच्या गर्भनलिका बहुधा खुल्या असत, हेही त्यांनी नोंदवले. संसर्गाने झालेल्या विकारात नलिका सहसा बंद झालेल्या असतात. त्यामुळे दोन्ही आजारांत फरक करण्यास हे निरीक्षण उपयोगी ठरले.

१९२७ मध्ये या विषयावरील त्यांचे दोन महत्त्वाचे लेख आले. एकात उदरपोकळीतील आजाराचे मूळ उलट्या दिशेच्या मासिक स्रावात असल्याचे मांडले होते. दुसऱ्यात अस्तराचे कण शिरांत शिरून रक्तावाटे इतरत्र जाऊ शकतात असे सुचवले होते. 'एंडोमेट्रिऑसिस' हा शब्द याच काळात त्यांच्या लेखनातून रूढ झाला आणि त्याचे श्रेय सहसा त्यांना दिले जाते. इंग्लंडमधील विल्यम ब्लेअर-बेल यांनी १९२२ मध्ये बीजांडकोशातील गाठीसाठी 'एंडोमेट्रिओमा' हा जवळचा शब्द वापरला होता.

बीजांडकोशातील अशा ऊतीतून क्वचित कर्करोग उद्भवतो हे त्यांनी १९२५ मध्ये दाखवले. तसे निदान करण्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी विकृतिशास्त्राच्या ग्रंथांत 'सॅम्पसनचे निकष' म्हणून आढळतात.

आक्षेप

हा सिद्धान्त सहजी स्वीकारला गेला नाही. बर्लिनचे रॉबर्ट मायर यांच्या मते उदरपोकळीचे अस्तर व गर्भाशयाचे अस्तर भ्रूणावस्थेत एकाच मूळ ऊतीपासून तयार होतात. म्हणून उदराच्या अस्तराचेच जागच्या जागी रूपांतर होऊन हा आजार होऊ शकतो. बाहेरून बीज येण्याची गरज नाही. बाल्टिमोरचे एमिल नोव्हाक यांचा आक्षेप अधिक थेट होता. पाळीत गळून पडणारे अस्तर मेलेले असते आणि मेलेली ऊती रुजत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

सॅम्पसन यांनी हा आक्षेप टाळला नाही. १९४० मध्ये त्यांनी आपल्या सिद्धान्ताच्या वाटचालीवर लेख लिहिला. उदरपोकळीत जाणारे तुकडे नेहमी मृतच असतील, तर आपला सिद्धान्तही गाडून टाकावा, असे त्यांनी त्यात मान्य केले. आयुष्यातील वीस वर्षांचे काम ज्या एका अटीवर उभे होते, ती अट त्यांनी स्वतःच वाचकापुढे ठेवली. ती खरी की खोटी हे ठरण्याआधीच १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

सशांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचे रोपण उदरपोकळीत वाढते, हे व्हिक्टर जेकबसन यांनी १९२२ मध्येच दाखवले होते. १९५० च्या सुमारास रिचर्ड टेलिंड व रॉजर स्कॉट यांनी माकडिणींच्या गर्भाशयाची दिशा शस्त्रक्रियेने अशी बदलली की पाळीचा स्राव उदरपोकळीतच पडावा. त्यांपैकी काहींना हा आजार झाला. १९५१ मध्ये कीटेल व स्टाइन यांनी पाळीत बाहेर पडलेले अस्तर प्रयोगशाळेत वाढू शकते हे सिद्ध केले आणि नोव्हाक यांच्या आक्षेपाचा मुख्य आधार गेला. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या व्रणात कधी कधी हा आजार उद्भवतो, तेही रोपणाच्या बाजूचे उदाहरण मानले जाते.

मात्र एक नवी अडचण पुढे आली. १९८४ मध्ये दुर्बिणीतून केलेल्या पाहणीत गर्भनलिका खुल्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या उदरपोकळीत पाळीच्या काळात रक्त आढळले. आजार मात्र जगभरात प्रजननक्षम वयाच्या साधारण १० टक्के स्त्रियांना होतो. उलटा स्राव जवळजवळ सर्वांना होत असेल, तर काहींच्याच शरीरात बीज का रुजते, याचे उत्तर सॅम्पसन यांच्या सिद्धान्तात नाही. प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता व इस्ट्रोजेन संप्रेरकाचा प्रभाव या दिशांनी आता शोध चालू आहे. शिवाय दीर्घकाळ इस्ट्रोजेन घेतलेल्या पुरुषांत हा आजार क्वचित आढळला आहे. तेथे मासिक स्रावाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे मायर यांचे मतही पूर्णपणे बाद झालेले नाही.

निदानावरील प्रभाव

सॅम्पसन यांना आजार दिसला तो पोट उघडल्यावर. तेव्हा सोनोग्राफी नव्हती आणि ओटीपोट पाहण्यासाठी दुर्बीण रूढ नव्हती. त्यामुळे त्यांच्या रुग्णा मुख्यतः तिशी ओलांडलेल्या, गाठ मोठी होऊन शस्त्रक्रियेपर्यंत आलेल्या स्त्रिया होत्या. हा तिशीनंतरचा आजार आहे, ही समजूत त्यातून दीर्घकाळ टिकली. पाळीच्या असह्य वेदनांची तक्रार करणाऱ्या शाळकरी मुलींकडे त्यामुळे दुर्लक्ष होत राहिले, असे म्हणता येते. पुढे १९४० च्या दशकात बोस्टनचे जो मेग्ज यांनी उशिरा लग्न व उशिरा मूल यांच्याशी आजाराचा संबंध जोडला आणि लवकर मातृत्वाचा सल्ला दिला. लग्न झाले, मूल झाले की पोटदुखी थांबेल, हा सल्ला महाराष्ट्रातील घरांतही अजून ऐकू येतो. गरोदरपणात पाळी थांबल्याने काहींचा त्रास तात्पुरता कमी होतो. आजार बरा होत नाही. केवळ उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे युरोपातील तज्ज्ञ संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

निदान करण्याआधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवीच, हा आग्रहही त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी सोडला. वर्षागणिक वाढत जाणाऱ्या पाळीच्या वेदना, पाळीत शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी दुखणे, शरीरसंबंधाच्या वेळी ओटीपोटात खोलवर दुखणे व वंध्यत्व या लक्षणांवरून डॉक्टरांनी आजाराची शंका घ्यावी, सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, आणि त्यांत काही न दिसले तरी शंका सोडू नये, असा आता रोख आहे. पोटावरील छोटे ठिपके या तपासण्यांत सहसा दिसत नाहीत. सॅम्पसन यांना ते उघड्या पोटात, डोळ्यांनी दिसले होते. संप्रेरकांच्या गोळ्यांनी उपचार सुरू करण्यासाठी ऊतीचा पुरावा हाती येईपर्यंत थांबण्याची गरज आता मानली जात नाही. तरीही अनेक देशांत पहिल्या तक्रारीपासून निदान होईपर्यंत सरासरी काही वर्षे जातात.