बाळासाहेब खेर व मोहाचें रान

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आमच्या विद्यार्थ्यांस फाल्गुन-चैत्रांत मोहाच्या फुलांचा सडा पडलेलें रान ठाऊक आहेच. हीं फुलें वाळवून ठाकूर, कातकरी कुटुंबें टंचाईच्या दिवसांत खात, व त्यांचीच दारूही गाळीत. १८७८ च्या अबकारी कायद्यानें घरीं दारू गाळणें हा गुन्हा ठरला. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या संग्रहावरहि निर्बंध आले. पिणें मात्र थांबलें नाहीं. आतां त्यासाठीं मक्तेदाराच्या गुत्त्यावर रोख पैसे मोजावे लागूं लागले. लग्नांत तर दारू हवीच. त्या खर्चासाठीं कर्ज काढणारा तरुण ‘लग्नगडी’ होऊन सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षें राबे, आणि पुष्कळदां त्याची बायकोहि.

याच लोकांत पुढें ज्यांनीं काम केलें ते बाळ गंगाधर खेर २४ ऑगस्ट १८८८ रोजीं रत्नागिरीस जन्मले. पुण्यास शिकून ते मुंबईंत नामांकित सॉलिसिटर झाले. जुलै १९३७ मध्यें ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्यांस त्या काळीं तसेंच म्हणत. अबकारी उत्पन्न म्हणजे सरकारी तिजोरीचा मोठा आधार. तरीहि १ ऑगस्ट १९३९ पासून त्यांच्या मंत्रिमंडळानें, डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें, मुंबई शहरांत दारूबंदी केली, व तूट भरून काढण्यासाठीं शहरांतील इमारतींवर कर बसविला. श्रीमंत रागावले. नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला.

येथून पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. अधिकार गेल्यावर खेरांनीं १९४० मध्यें ठाणें जिल्ह्यांत आदिवासी सेवा मंडळ स्थापिलें व रानांतल्या पाड्यांवरील मुलांच्या शिक्षणाचें काम हातीं घेतलें. मिशनच्या शाळेंत लहानपणीं आम्हीहि मद्यपाननिषेधाची प्रतिज्ञा घेतली होती. ती पाळणें आम्हांस जड गेलें नाहीं. आमच्या घरीं सावकाराचें देणें नव्हतें. ज्याला कर्जाचा कागद वाचतां येत नाहीं, त्याला नुसती प्रतिज्ञा देऊन काय होणार?

१९४६ मध्यें खेर पुन्हा अधिकारावर आले. वेठीविरुद्ध उठलेल्या वारल्यांशीं त्यांचें सरकार कठोरपणें वागलें, हें चरित्र लिहितांना लपवितां येत नाहीं. १९४९ च्या कायद्यानें पुढच्या वर्षीं सर्व प्रांतांत दारूबंदी झाली. गुत्ते बंद झाले, पण रानांत व शहरांत हातभट्ट्या पेटल्या. त्यांच्या विषारी दारूनें पुढें अनेक गरिबांचे प्राण घेतले. दारूबंदीचे नियम नंतर सैल झाले. मंडळाच्या शाळा मात्र चालूं राहिल्या.

१९५२ मध्यें खेर लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून गेले. ८ मार्च १९५७ रोजीं त्यांचें निधन झालें. त्या दिवसांत ठाण्याच्या रानांत मोह फुलूं लागलेला असतो.